वांग्यांच्या जाळावर लागलेला कथांचा निकाल

शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्याव्यात. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही आणि चौथीनंतर कुणी विचारलं नाही. अक्षरही वाईट आहे. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत खाली घसरते. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, तरी माफी मागून ठेवते. माझ्या अक्षराला एकदा चार शिकलेली माणसं माझ्यासमोर हसली. तेव्हापासून कागद समोर आला की आधी माफी सुचते, मग बाकीचं.

तेव्हा आम्ही जळगावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. हे रावेरहून केळीच्या ट्रकवर जायचे, आठ-आठ दिवस घरी नसायचे. मी गल्लीच्या टोकाला एका छापखान्यात घड्या घालायला जायची. छापलेला मोठा कागद येतो, त्याच्या घड्या घालून पानं क्रमाने लावायची, मग टाचायची. लग्नपत्रिका असोत, बाजार समितीचे अहवाल असोत, हात तेच काम करतात. घड्या घालणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी अक्का. ती धुळ्याकडची, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ. तिला वाचता येत नव्हतं, पण पानाचा क्रम कधी चुकवायची नाही. छापखान्याच्या मालकाला सगळे भाऊ म्हणायचे. ते दरवर्षी गुढीपाडव्याला एक अंक काढायचे आणि त्यात कथास्पर्धा ठेवायचे.

त्या वर्षीच्या स्पर्धेची जाहिरात मीच घडी घालून पाकिटात भरली. पहिलं, दुसरं, तिसरं बक्षीस, प्रवेशमूल्य अकरा रुपये, परीक्षकांचा निर्णय अंतिम, नापसंत कथा परत मिळणार नाही. बक्षिसाची मला हाव नव्हती असं नाही. पण माझ्या मनात वेगळंच बसलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं घडी घालत आले. एकदा माझं लिहिलेलं छापून यावं आणि मीच त्याची घडी घालावी, एवढंच हवं होतं. शेजारी अक्का बसलेली असावी आणि तिलाही कळू नये, असं सुद्धा वाटायचं.

कथा मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन लिहिली. ती माझ्या आईची आणि काकूची होती. आमच्या पहूरच्या घरात दोन चुली आणि एक कंदील होता. दोघी जावांचा अबोला होता. कशावरून, ते मला कधी कळलं नाही. कंदील मधल्या भिंतीवरच्या खिळ्याला. रोज संध्याकाळी एकीने राखेने काच पुसायची, दुसरीने रॉकेल भरायचं. एक शब्द न बोलता कित्येक वर्षं हे चाललं. मग काकू आजारी पडली. आई दोन्ही कामं करायला लागली. शेवटच्या दिवशी आईने कंदील खिळ्यावरून काढला आणि काकूच्या बाजूला, उशाशी ठेवला. बोलली नाहीच. काकू गेली. दुसऱ्या संध्याकाळी आईने काच पुसली आणि सवयीने थांबली, कुणीतरी रॉकेल भरायला येईल म्हणून. इथे मी कथा संपवली. पुढे काही झालंच नव्हतं.

कथेवर माहेरचं नाव घातलं आणि पत्ता पहूरला भावाचा दिला. छापखान्यात कळलं असतं तर तिथे तोंड दाखवायची लाज वाटली असती. घरी कळलं असतं तर अकरा रुपयांचा हिशोब द्यावा लागला असता. ते अकरा रुपये माझ्याकडे नव्हतेच. अक्काकडे मागितले.

"कशाले जोयजेत?" अक्का म्हणाली.

मी आधी औषधाला म्हटलं. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग खरं सांगितलं.

"कथा? तू? माय वं!" ती तोंडावर पदर घेऊन हसली. "भाकर कर, पोरं कर, कथा काबर करस?"

पण पैसे कनवटीतून काढले. काढून हातात धरून ठेवले.

"कथा छापी उनी तर सोळा देशी. नही उनी तर अकरा. कबूल?"

छापून आली तर सोळा, नाही आली तर अकरा. मी कबूल म्हटलं. सोळा द्यावे लागावेत असंच मला वाटत होतं.

परीक्षण कसं होतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कथा कुणाच्या तरी घरी जातात, तो माणूस चष्मा लावून एकेक वाचतो, रात्र-रात्र जागतो. संक्रांत झाल्यावर एक दिवस भाऊ आम्हा दोघींना म्हणाले, "रविवारी जामनेर रस्त्याला माझ्या मेहुण्याच्या शेतात भरीत पार्टी आहे. परीक्षक येणार आहेत. भरीत तुम्ही करायचं."

आमच्याकडे थंडीत कुणालाही खूश करायचं तर शेतात भरीत करतात. वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, कांद्याची पात, लसूण, मिरची, शेंगदाणे घालून तेलात परतायची. पाहुणे झाडाखाली बसतात. भरीत होईपर्यंत पाहुण्यांना काही काम नसतं. म्हणून भाऊंनी दोन्ही कामं एकाच दिवशी धरली होती. कथा खताच्या रिकाम्या गोणीत भरून वांग्यांच्या टोपलीशेजारी मॅटॅडोरमध्ये ठेवल्या. वाटेत पहूरचा फाटा लागला तेव्हा मी गोणीला टेकून बसले होते.

परीक्षक तीन. एक कॉलेजातून निवृत्त झालेले सर, ते स्वतः कथा लिहायचे. एक वकीलसाहेब, नाटकात काम करणारे, आवाज मोठा. आणि धुळ्याच्या एका शाळेच्या मोठ्या बाई. निंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकली होती. आम्ही दोघी जवळच, जाळाशी. सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

भाऊंनी गोणी उलटी केली. "जेवणाच्या आत निकाल लावू. अंधार पडायच्या आत घरी."

"एवढ्या?" सर म्हणाले. "लोकांना शेती नाही का काही?"

आधी वकीलसाहेबांनी कागद मोजले. दहा पानांच्या वर ज्या होत्या त्या बाजूला. सरांनी पहिली ओळ वाचायला घेतली. सूर्य उगवत असेल, मावळत असेल किंवा कुणी स्वप्नातून जागं होत असेल तर ती बाजूला. मग अक्षर. मग एका ओळीत तीन चुका दिसल्या की ती. सर पहिलं पान बघायचे आणि शेवटचा परिच्छेद. मधलं कोणीच बघत नव्हतं. फक्त मोठ्या बाई एकच कथा हातात घेऊन लाल पेन्सिलीने खुणा करत वाचत बसल्या होत्या, आणि वकीलसाहेब त्यांना म्हणत होते, "ताई, वह्या तपासायच्या नाहीत, निकाल लावायचाय."

काही कथांबरोबर चिठ्ठ्या होत्या. त्या भाऊंनी वाऱ्याने उडू नयेत म्हणून एका दगडाखाली वेगळ्या ठेवल्या होत्या.

"ही जिनिंगवाल्या शेठच्या सूनबाईंची. बक्षिसाची रक्कम शेठनेच दिलीय."

"मग पहिली?"

"पहिली दिसायला बरं नाही. दुसरी करू."

"पहिला माझ्या विद्यार्थ्याचा," सर म्हणाले. "मुलगा चांगला आहे. लग्नाचं बघताहेत त्याचं."

"झालं तर," वकीलसाहेब म्हणाले. "तिसऱ्या नंबराला मात्र आपण खरी स्पर्धा घेऊ."

हे ते थट्टेने म्हणाले नाहीत.

पऱ्हाट्या दवाने ओलसर होत्या, धूर फार होत होता. भाऊंनी ते बघितलं. बाजूला टाकलेल्या कथांचा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि आणून माझ्यापुढे टाकला. "वहिनी, हे घाला खाली. परत कोण वाहून नेणार?"

मी घातले. एकेक नाही, मूठ-मूठ. माझी त्यात नाही एवढं बघत होते. कुणी पानाभोवती वेलबुट्टी काढली होती. कुणी पोस्टाचं तिकीट आत ठेवलं होतं, परत पाठवा म्हणून. ते तिकीट अक्काने काढून घेतलं.

वकीलसाहेबांना त्यात गंमत वाटायला लागली. ते नावं मोठ्याने वाचून कथा आमच्याकडे फेकायला लागले.

"वणवा! ही टाका लवकर, वांगी होतील."

"ओली वाट. ही नको, धूर करील."

"सरणावरची कळी. हिला वेळेवर पोचवा!"

सर हसून हसून खोकायला लागले. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. अक्काला नावं कळत नव्हती, पण ते हसताहेत म्हणून ती हसली. मीही हसले असेन. हसणाऱ्या माणसांपुढे माझं तोंड आपोआप तसं होतं.

मग वकीलसाहेबांच्या हातात माझी आली. लांबून मला कागद ओळखू आला, कडेला हळदीचा डाग होता.

"हे अक्षर बघा. कोंबडी शाईत पाय बुडवून चाललीय." त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. मग घसा बारीक करून, नाटकातल्या म्हातारीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "आमच्या घरात दोऽन चुली आणि एऽक कंदील होता."

सगळे हसले. मी वांगं उलटं करायला गेले आणि बोटं भाजली.

त्यांनी तसंच दोन पानं वाचली. प्रत्येक ओळीला माझ्या आईला नाकातून बोलायला लावलं, ती तर कथेत बोलतही नव्हती. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "थांबा. नीट वाचा."

"नीटच वाचतोय."

"द्या इकडे."

त्यांनी कागद घेतले आणि साध्या आवाजात शेवटपर्यंत वाचली. ती थोडी मिनिटं मी कधी विसरणार नाही. माझी आई, काकू, खिळा, कंदील, सगळं त्या शेतात मोठ्याने ऐकू येत होतं, आणि आवाज शिकलेल्या बाईचा होता.

"मग बोलल्या का नाही शेवटी?" सरांनी विचारलं.

"नाही."

"असं कसं? मरताना तरी बोलायला पाहिजे. गळ्यात पडायला पाहिजे. वाचक त्यासाठीच थांबलेला असतो. शेवटच नाही हिला." मग म्हणाले, "कंदील मात्र चांगला आहे."

"मला हिला तिसरा नंबर द्यायचाय," मोठ्या बाई म्हणाल्या.

अक्काने माझ्याकडे बघितलं. तिला कथेची भाषा कळली असो नसो, पहूर, जावा, कंदील हे तिला मी पैसे मागताना सांगितलं होतं.

"ताई, फसू नका," वकीलसाहेब म्हणाले. "हा बाप्या आहे. अक्षर मुद्दाम वाकडं काढलंय, नाव बाईचं घातलंय. खेड्यातली गरीब बाई म्हणून तुमचं मन पाघळावं. दोन वर्षांमागे आपण नाही का फसलो? नाव कुमारी अमुक, आणि बक्षीस घ्यायला मिशीवाला आला!"

"आला होता खरा," भाऊ म्हणाले. "वर म्हणतो, आता नाव बदलता येणार नाही."

पुन्हा हसणं झालं. मोठ्या बाईंना ते झोंबलं असावं, कारण त्या वेळची ती कथा त्यांनीच निवडली होती. त्यांनी पत्ता बघितला आणि माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही पहूरच्या ना हो? भाऊ म्हणत होते. ही बाई आहे का तिथे खरंच? नाव सांगते."

त्यांनी माझं नाव घेतलं. माहेरचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. लग्नानंतर ते कुणी घेतलं नव्हतं.

"तुम्ही हो म्हणा, मी हिला नंबर देते."

मी उभी राहिले. हाताला राख, डोळ्यांत धूर, डोक्यावरचा पदर घसरत होता. चौघं माझ्याकडे बघत होती. वकीलसाहेबांच्या चेहऱ्यावर हसू तयार होतं, फक्त मी काय बोलते याची वाट होती. मी बोलले असते तर कोंबडीचे पाय माझे झाले असते. ते आधीही माझेच होते, पण फक्त मला माहीत होतं.

"बोल ना वं," अक्का दातांतून म्हणाली. "बोल!"

मी घसरलेला पदर सावरला.

अक्का पुढे झाली. "साहेब, ती कथा..."

मी तिचा दंड धरला आणि चिमटा काढला, जोरात. तिने हाय केलं.

"काय झालं?" भाऊ म्हणाले.

"निखारा उडना," अक्का म्हणाली.

"बघा," वकीलसाहेब म्हणाले. "एवढंसं गाव आणि गावच्या बाईलाच माहीत नाही. बाप्याच आहे."

"तिला काय विचारता ताई, चौथी शिकलेली ती," भाऊ म्हणाले. "वांगी बघा वहिनी, करपतील."

मोठ्या बाईंनी कागद सतरंजीवर ठेवले. एकदा उचलले आणि पुन्हा ठेवले. मग त्यांनी पाणी मागितलं. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही राग नव्हता. त्यांनी विचारलं होतं, मीच बोलले नाही.

तिसऱ्या क्रमांकाला योग्य कथा आली नाही, असं वकीलसाहेबांनी कागदावर लिहिलं. गुणांचा तक्ता त्यांनी नंतर भरला, निकालाला जुळतील असे आकडे घालून. भाऊ खूश झाले, तिसऱ्याचे पैसे वाचले. दुसऱ्या खेपेची वांगी अजून कच्ची होती आणि जाळ बसला होता. भाऊंनी सतरंजीवरचे ते कागद माझ्याकडे दिले. "वारा घाला जरा."

मी माझ्या कथेने वारा घातला. चांगला लागला, कागद जाड होता. मग एका कोपऱ्याने पेट घेतला आणि मी हात सोडला. माझ्याकडे तिची दुसरी प्रत नव्हती. लपवता आली असती का? पोलक्यात घालता आली असती का? घरी गेल्यावर सुचलं.

भरीत सगळ्यांना आवडलं. सरांनी तीनदा मागून घेतलं. उरलेलं भाऊंनी आम्हाला डब्यात भरून दिलं, तीच मजुरी. परतीच्या वाटेवर अक्का दंड चोळत बसली होती.

"तुनी कथा जळी गयी," ती म्हणाली. "मना पैसा नही जळनात."

त्यानंतर रोज तिने ते म्हटलं. कधी घड्या घालताना, कधी पाणी पिताना, कधी सगळ्या कंपोझिटर लोकांसमोर. "काय वं, मना अकरा?" ते विचारायचे, कशाचे अकरा? अक्का माझ्याकडे बघायची आणि मी घड्यांत मान घालायची. ती सांगायची नाही. सांगेन सांगेन असं तोंड करायची. चिमट्याचा सूड तिने असा रोज थोडा-थोडा घेतला. आठवड्याचा पगार घरात जायचा, त्यातून अकरा बाजूला निघत नव्हते.

पाडव्याच्या आधी अंकाचं काम आलं. उशिरापर्यंत थांबायचं, जादा पैसे मिळणार होते. पहिलं बक्षीस आलं, दुसरं बक्षीस आलं, मी घड्या घातल्या. मग सरांची पाहुणी कथा आली. परीक्षकांपैकी एकाची कथा अंकात छापायची, अशी पद्धत होती.

मी घडी घालता घालता वाचते, ती सवयच आहे. एका घरात दोन जावा होत्या. अबोला होता. मधल्या भिंतीवर कंदील होता. एक राखेने काच पुसायची, दुसरी रॉकेल भरायची.

माझे हात थांबले.

"काय वं?" अक्का म्हणाली. "काय लिखेल शे?"

मी कागद पालथा ठेवला.

"वाची दखाड."

मी हळू आवाजात वाचलं. मराठी फार सुंदर होती. मला येत नाहीत असे शब्द होते, प्रत्येक वाक्याला झोका होता. शेवटी आजारी जाऊ डोळे उघडते, दुसरी "ताई" म्हणून हंबरडा फोडते, दोघी गळ्यात पडतात आणि कंदील विझतो.

अक्का ऐकत राहिली. तिचे हात मात्र चालू होते.

"आते ही तर तुनी शे," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यात त्या बोलत नाहीत."

"पन शे तुनीच."

मी पुढची घडी घातली. मग त्याच्या पुढची. त्या पानांच्या निम्म्या घड्या माझ्या वाट्याच्या होत्या. गठ्ठे संपेपर्यंत त्या दोघी जावा माझ्या हाताखाली पुन्हा पुन्हा गळ्यात पडत होत्या. माझी आई कुणाच्या गळ्यात पडली नव्हती. काकू गेली त्या दिवशीसुद्धा नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी भाऊंनी जादा कामाचे पैसे दिले. दारातच अक्का हात पुढे करून उभी होती. मी अकरा मोजून दिले.

"सोळा," ती म्हणाली.

"नही उनी तर अकरा, असं ठरलं होतं."

"उनी ना पन! छापी उनी. मी सोता घडी घाली." ती हसत नव्हती. "का तुनी नही म्हनस? मंग भाऊले विचारूत?"

ती खरंच आत वळली. मी तिचा पदर धरला. तिला पैसे उकळायचे होते, की माझ्याकडून ते कबूल करून घ्यायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल. अक्काच्या चांगुलपणातही पाच रुपयांचा फायदा असायचा.

मी आणखी पाच रुपये तिच्या हातावर ठेवले. तिने सगळे पुन्हा एकदा मोजले, थुंकी लावून, आणि सगळा हिशोब संपल्यासारखे कनवटीला खोचले.

"बठ्ठा फिटनं," ती म्हणाली.